कोकणात कॅम्पर ट्रेलर न्यायचाय? आधी तो मागे घ्यायला शिका

कॅम्पर ट्रेलर घेऊन कोकणात यायचंय, काय तयारी करू, असं कोणी विचारलं की मी एकच प्रश्न करतो: ट्रेलर मागे घेता येतो का? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "पुढे नेता येतो, मागचं जमेल हळूहळू." हळूहळू जमायला कोकणातला रस्ता वेळ देत नाही. दापोलीहून आंजर्ल्याकडे उतरा, गुहागरहून हेदवीकडे निघा, नाहीतर मालवणच्या आतल्या वाड्यांत शिरा. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे (दगडी कुंपणं), मध्ये एका गाडीपुरतं डांबर आणि समोरून एसटी. कोणाला तरी मागे जावंच लागतं, आणि एसटीच्या मागे चार रिक्षा लागलेल्या असल्या की ते तुम्हालाच जावं लागतं.

माझा ट्रेलर दोन माणसं झोपतील एवढा, सगळं सामान भरल्यावर ७०० किलोच्या आसपास. तो बोलेरोच्या मागे लावून मी दिवाळीनंतर ते मेपर्यंत किनाऱ्याने फिरतो. पावसाळ्यात नेत नाही, तुम्हीही नेऊ नका. घाटात दरडी येतात, खाडीतल्या फेरीबोटींचा भरवसा नसतो आणि चिखलात रुतलेला ट्रेलर ओढायला गावातली माणसं शेतातली लावणी टाकून येतात. हा त्रास त्यांना देऊ नये.

कागदपत्रांचं थोडक्यात. ट्रेलरची नोंदणी गाडीसारखीच स्वतंत्र करावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरच्या मागे लावावा लागतो. गाडी किती वजन ओढू शकते ते गाडीच्या पुस्तकात बघा, विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका.

जोडणी

कपलर म्हणजे ट्रेलरच्या तोंडावरची पकड, हिच म्हणजे गाडीच्या मागचा ओढायचा जोड आणि बॉल म्हणजे त्यावरचा लोखंडी गोळा. कपलर बॉलवर बसवा, खटका लावा, आणि मग जॉकी व्हीलने (ट्रेलरच्या तोंडाखालचं वर-खाली होणारं छोटं चाक) ट्रेलरचं तोंड वर उचलून बघा. गाडीचा मागचा भाग त्याच्याबरोबर वर आला तर कपलर धरलाय. नुसता सुटून वर आला तर धरलेला नाही. खटका वाजल्याच्या आवाजावर विसंबू नका. सेफ्टी चेन हिचखालून एकमेकींवरून आडव्या घ्या, म्हणजे कपलर सुटलाच तर त्याचं तोंड चेनच्या झोळीत पडेल, रस्त्यात रुतणार नाही. जॉकी व्हील पूर्ण वर घ्या. दिवे, ब्रेकलाइट, इंडिकेटर कोणाला तरी मागे उभं करून तपासा. झालं.

सामान भरणं

जड वस्तू ॲक्सलच्या (चाकांच्या दांड्याच्या) वर किंवा जराशा पुढे. मागच्या टोकाला पाण्याचे कॅन आणि सिलिंडर ठेवले की ट्रेलर ६० च्या वेगाला डुलायला लागतो. हिचवर ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा यावा. घरातला वजनकाटा जॉकी व्हीलखाली ठेवला तरी अंदाज येतो. तो आकडा तुमच्या हिचच्या मर्यादेत आहे का, तेही बघा.

मुंबई–गोवा महामार्गावर मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर डुलायला लागला, तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा आणि गाडी आपोआप मंदावू द्या. "वेग वाढव, ट्रेलर सरळ होतो," असा सल्ला मी अनेकांकडून ऐकलाय. तो जिवावर बेतणारा सल्ला आहे. जोरात ब्रेक मारणंही तितकंच वाईट. आणि एकदा डुलला म्हणजे सामान चुकीचं भरलंय. पुढच्या ढाब्यावर थांबा आणि परत भरा.

मागे घेणं

खरं शिकायचं ते हेच, आणि माझंही घोडं इथेच अडलं होतं. ट्रेलर विकणाऱ्याने मला सांगितलं होतं, "रिव्हर्समध्ये स्टिअरिंग उलटं फिरवायचं, एवढं लक्षात ठेवा, बाकी काही नाही." तेवढ्यावर मी निघालो. एका खाडीच्या जेटीवर फेरीबोटीत गाडी उलटी चढवायला सांगितली. मागे दहा-बारा गाड्या, समोर रॅम्प, आणि चार माणसं चार बाजूंनी हात करतायत. मी स्टिअरिंग उलटं फिरवलं, ट्रेलर वळला, वळतच गेला, आणि त्याची पुढची लोखंडी चौकट माझ्याच गाडीच्या मागच्या दिव्यात घुसली. फेरी निघून गेली. त्यापेक्षा वाईट म्हणजे ट्रेलर आणि जेटीचा कठडा यांच्यामध्ये एक मुलगा उभा होता आणि तो मला शेवटपर्यंत दिसला नव्हता. तो वेळेत बाजूला झाला. ते आठवलं की आजही माझे हात गार पडतात.

घरी आल्यावर चिरे वाहणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याला मी गाठलं. हा माणूस भरलेली ट्रॉली गडग्याच्या फटीतून रोज मागे घेतो. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "दादा, तुम्ही गाडी चालवताय. गाडी सोडा. ट्रॉलीचं शेपूट चालवा." मला जे आलं ते त्याच्याकडून आलं.

'स्टिअरिंग उलटं' हा सल्ला अर्धाच खरा आहे, म्हणून घातक आहे. ट्रेलर वळायला सुरुवात होईपर्यंतच तो लागू पडतो. एकदा शेपूट वळायला लागलं की तुम्ही चाकं सरळ केलीत तरी गाडी आणि ट्रेलरमधला कोन थांबत नाही, वाढतच जातो. तो थांबवायला स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं. हा दुसरा भाग कोणी सांगत नाही आणि ट्रेलर दुमडतो तो इथेच.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. एक हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, घड्याळात सहाचा आकडा असतो तिथे. आता उलटसुलट डोक्यात ठेवायची गरजच नाही: हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला शेपूट जाईल. समजा उजवीकडे घ्यायचंय. हात उजवीकडे चार बोटं सरकवा. जास्त नाही. शेपूट उजवीकडे निघेल. निघालं की लगेच हात मध्यावर आणा. हवा तेवढा कोन दिसला की हात हळूहळू डावीकडे न्या. आता गाडी ट्रेलरच्या मागोमाग त्याच वळणात शिरते आणि कोन वाढायचा थांबतो. जोडी सरळ होत आली की हात पुन्हा मध्यावर.

सरळ मागे जाताना दोन्ही आरशांत ट्रेलरची कड सारखी दिसायला हवी. डाव्या आरशात जास्त दिसायला लागली म्हणजे शेपूट डावीकडे चाललंय, तळाचा हात जरासा उजवीकडे. एवढंच. काही जण 'ज्या आरशात दिसतो त्या आरशाकडे स्टिअरिंग' असा नियम शिकवतात. तोही बरोबरच आहे, पण तो स्टिअरिंगच्या वरच्या बाजूचा हिशोब आहे. दोन नियम एकत्र डोक्यात ठेवलेत तर ऐन वेळी दोन्ही विसराल. एकच धरा. माझं मत तळाच्या हाताला.

वेग म्हणजे चालणाऱ्या माणसापेक्षा कमी. डिझेल गाडी असेल तर ॲक्सिलरेटरला पाय लावूच नका, क्लचवर सरकू द्या. लहान ट्रेलर मागे घ्यायला सोपा असतो हा आणखी एक गैरसमज. उलट आहे. हिचपासून चाकापर्यंतचं अंतर जितकं कमी, तितका ट्रेलर पटकन वळतो आणि चूक सुधारायला कमी वेळ मिळतो.

एका आरशात ट्रेलरची अख्खी बाजू दिसतेय आणि दुसऱ्यात तो दिसेनासा झालाय, तर त्याच क्षणी थांबा. तिथून स्टिअरिंगने सोडवायला जाऊ नका. पुढे जा, ट्रेलर आपोआप सरळ होतो, मग पुन्हा मागे या. पाच वेळा पुढे-मागे करावं लागलं तरी करा. मागे हॉर्न वाजत असले तरी करा. मी दिवा फोडला तो पुढे यायला लाजलो म्हणून.

शक्य तिथे उजव्या बाजूला वळवून घ्या. आपण उजवीकडे बसतो, खिडकीतून मान काढली की शेपूट आणि चाक दोन्ही दिसतात. डावीकडे घ्यायचं म्हणजे निम्मं आंधळेपणाने. मुक्कामाच्या जागेचं फाटक डाव्या हाताला असेल तर मी पुढे जाऊन गाडी वळवून आणतो आणि ते उजव्या हाताला घेतो. दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतात.

मदतीला एकच माणूस. कोकणात ट्रेलर मागे यायला लागला की आजूबाजूच्या घरांतून माणसं प्रेमाने धावत येतात आणि सगळी मिळून "येऊ दे, येऊ दे" सुरू करतात. त्यांचे आभार माना आणि विनंती करून सगळ्यांना एका बाजूला उभं करा. मुलं कुठे आहेत ते मोजून घ्या. तुमचा माणूस ट्रेलरच्या मागे नाही, बाजूला, तुमच्या आरशात दिसेल असा उभा राहील. तो आरशातून दिसेनासा झाला की गाडी थांबली पाहिजे. 'डावीकडे' म्हणजे शेपूट डावीकडे, हे आधी ठरवा. नाहीतर तो सांगतो स्टिअरिंगचं आणि तुम्ही ऐकता शेपटाचं. आणि मागे घेण्याआधी स्वतः उतरून चालत जाऊन बघा. गडग्यातून निसटलेला चिरा, वर लोंबणारी वायर, तिरका वाढलेला माड आरशात दिसत नाहीत.

सराव कुठे? गावातलं क्रिकेटचं मैदान सकाळी रिकामं असतं. खुणांना नारळाची सोडणं मांडा. चाकाखाली आली तर काही बिघडत नाही, आणि चेपलेलं सोडण सांगतं की चूक कुठे झाली. पहिले दोन दिवस फक्त सरळ, ३० मीटर. मग उजवं वळण, मग डावं, शेवटी चढावर. एका वेळी वीस मिनिटं पुरे. त्यानंतर डोकं चालत नाही आणि चुकीचं तेच हातात बसतं. सोडणांच्या रांगेतून दहापैकी नऊ वेळा बाहेर पडलात की मगच घाटाचा विचार करा.

घाट

कुंभार्ली असो, आंबा असो की आंबोली, उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा आणि ब्रेक आपोआप थंड होऊ द्या, त्यावर पाणी ओतू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, म्हणून समोरचं वळण लांबूनच बघा आणि रुंद जागेतच थांबून राहा. वळणावर ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात. गाडीने वळण मोकळं घ्या, पण समोरचं दिसत नसेल तर दुसऱ्याच्या बाजूला जाऊ नका, वेग कमी करा.

जेटी

दाभोळ–धोपावे, वेश्वी–बागमांडला, जयगड–तवसाळ, दिघी–आगरदांडा, या फेऱ्यांनी कितीतरी वळसे वाचतात. पण ट्रेलर असेल तर आधी भरती-ओहोटी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही तेवढीच खोल जाते. तेव्हा उतार तीव्र होतो, खालच्या भागावर शेवाळ असतं आणि रॅम्पच्या सांध्यावर हिच घासतो. मधल्या पाण्याची वेळ धरा. गर्दीच्या सुट्टीत जाऊ नका. पोचल्यावर बोटीवरच्या माणसाला आधीच जाऊन सांगा की मागे ट्रेलर आहे, मला सर्वांत आधी किंवा सर्वांत शेवटी घ्या. ते ऐकतात.

ओव्हररन ब्रेकवाल्यांसाठी एक गोष्ट जपून वाचण्यासारखी आहे. गाडी थांबताना ट्रेलर पुढे ढकलला जातो आणि त्या दाबाने त्याचे ब्रेक लागतात, अशी ही रचना. रॅम्पवर उलटं चढवताना हाच दाब येतो आणि ब्रेक धरून बसतो. नव्या ट्रेलरना मागे जाताना तो आपोआप सुटतो. माझा ट्रेलर जुना, त्याला एक खीळ आहे, ती कपलरमध्ये घातली की ब्रेक बंद. एकदा बोटीतून उतरल्यावर मी ती काढायला विसरलो. जेटीपासून वर चढून पलीकडच्या उताराला लागलो, ब्रेक दाबला आणि मागून ७०० किलो ढकलायला लागले. दुसऱ्या गिअरवर आणि हँडब्रेकवर कशीबशी गाडी थांबली. तेव्हापासून डॅशबोर्डवर एक हुक लावलाय. खीळ त्या हुकाला लटकलेली डोळ्यांनी दिसली तरच पहिला गिअर पडतो. तुमच्या ट्रेलरला अशी खीळ किंवा खटका असेल तर आजच हुक लावा.

बोटीत हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, आणि ट्रेलरच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ओंडके.

मुक्काम

पुळणीवर ट्रेलर उतरवू नका. ओली वाळू घट्ट वाटते, चाक दोन मिनिटं उभं राहिलं की खचतं, आणि पाणी तुमच्यासाठी थांबत नाही. सुरूच्या बनाच्या अलीकडे, वाडीच्या मालकाला विचारून, घट्ट जमिनीवर लावा. कपलर सोडण्याआधी चाकांना ओंडके लावा, नंतर नाही.

परत घरी आलात की गोड्या पाण्याने चाकांचे हब, हिच आणि खालची चौकट धुवा. बॉलला ग्रीस लावा आणि वायरच्या प्लगला प्लास्टिकची पिशवी रबराने बांधून ठेवा. खाऱ्या हवेने प्लगच्या पिना हिरव्या पडतात, आणि पुढच्या वेळी अंधारात ब्रेकलाइट लागत नाही.