पिकअपमागे छोटा कॅम्पर लावताय? या चुका टाळा

"साडेसहा हजार पौंड ओढतो तुमचा ट्रक, मग कसली काळजी!" ट्रेलर विकणाऱ्यानं आम्हाला हेच सांगितलं होतं आणि डेन्व्हरहून पहिल्यांदा निघताना आम्हीही तेच धरून चाललो होतो. टाकोमा, रेंजर, फ्रंटियर, रिजलाइन या मधल्या आकाराच्या पिकअपच्या जाहिरातीत पाच हजारांपासून साडेसात हजार पौंडांपर्यंतचे आकडे असतात. आमचा १६ फुटी कॅम्पर सामानासकट ४,२०० पौंड भरतो. म्हणजे हिशेब जमला, असं कुणालाही वाटेल.

तो जमत नाही. जाहिरातीतला आकडा मागून किती ओढता येईल याचा आहे आणि तो काढताना ट्रकमध्ये दोनच माणसं, प्रत्येकी १५० पौंडांची, धरलेली असतात. ट्रकनं स्वतःच्या पाठीवर किती घ्यायचं हा आकडा वेगळा. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, टायरची हवा लिहिलेल्या स्टिकरवर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. यात ड्रायव्हरही आला, हे पुष्कळजण विसरतात.

आमच्या स्टिकरवर १,१५० आहे. आम्ही चौघं मिळून ५६०. मागच्या हौद्यावर बसवलेल्या टपाचे १५०. कूलर, जळण, जनरेटर, मुलांची खेळणी आणि इडलीपात्र (हो, इडलीपात्र) मिळून २००. झाले ९१०. आता ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा हिचवर (ट्रकमागच्या जोडणीवर) पडणारा भार, म्हणजे टंग वेट. तो ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. साडेबारा टक्के धरले तर ५२५, आणि खुद्द हिचचे ७५. एकूण १,५१०. साडेसहा हजारांच्या गप्पा मारणारा ट्रक ४,२०० पौंडांच्या ट्रेलरला ३६० पौंडांनी कमी पडला! मागून बसलेला ट्रक मागच्या स्प्रिंगना हवेच्या पिशव्या (एअरबॅग) लावून वर उचलता येतो, पण स्टिकरवरचा आकडा त्यानं वाढत नाही. वेट डिस्ट्रिब्युशन हिच थोडा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर ढकलते. ती जरूर लावा, पण तिच्या भरवशावर जास्त भरू नका. आम्ही शेवटी जनरेटर आणि जळण घरी ठेवलं, कूलर लहान घेतला, टप उतरवला. तरी स्टिकरच्या आकड्याच्या थोडे वरच आहोत. खरं सांगायचं तर चौघांसाठी आणखी हलका ट्रेलर घ्यायला हवा होता.

अंदाजानं भागवू नका. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रकचा वजनकाटा, असतो. पुढची चाकं पहिल्या पट्ट्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. मग ट्रेलर सोडून नुसत्या ट्रकचं वजन करा. वेट डिस्ट्रिब्युशन हिचच्या स्प्रिंग बार (भार पुढे ढकलणाऱ्या दांड्या) सैल ठेवून केलेल्या पहिल्या वजनात ट्रकच्या दोन्ही पट्ट्यांची बेरीज नुसत्या ट्रकपेक्षा जितकी जास्त, तितकं टंग वेट.

गाडी उलाळ झाली की

भार कमी करायचा म्हणून काहीजण सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला नेऊन ठेवतात. ही सगळ्यांत घातक चूक, आणि आम्ही ती केली. गावाकडं बैलगाडी भरताना ओझं मागं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. ट्रेलरचंही तसंच, फरक इतकाच की उलाळ गाडी जागच्या जागी कळते आणि उलाळ ट्रेलर ६५ मैलांच्या वेगाला कळतो.

यलोस्टोनला जाताना वायोमिंगमध्ये लॅरमी आणि रॉलिन्सच्या मधे आय-८० वर वारा असतोच. आमच्या ट्रेलरची पाण्याची टाकी चाकांच्या मागे आहे आणि ती आम्ही काठोकाठ भरली होती: २५ गॅलन, गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे दोनशेच्या वर. मागच्या बंपरवर दोन सायकली. एक सेमी ट्रक शेजारून पुढे गेला आणि आरशात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. मी ब्रेक दाबला. हलणं वाढलं. पलीकडच्या लेनमध्ये जाऊन परत आलो तेव्हा मागच्या सीटवरची बडबड थांबली होती.

अशा वेळी ट्रकचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगशी झुंजू नका आणि वेग वाढवून सरळ करायला तर मुळीच जाऊ नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक चालवणाऱ्या, ट्रकमधल्या छोट्या डब्याची) कळ हातानं दाबा, म्हणजे फक्त ट्रेलरची चाकं थांबायला लागतात आणि ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो. ती कळ कुठं आहे हे निघण्याआधी न बघता बोट ठेवून पाहा. पुढच्या रेस्ट एरियात आम्ही टाकी रिकामी केली, सायकली ट्रकच्या हौद्यात घेतल्या, आणि उरलेल्या रस्त्यावर तोच वारा असूनही ट्रेलर गप्प चालला. जड सामान चाकांच्या किंचित पुढं, खाली, जमिनीलगत. बस.

जोडताना

ट्रकमागचा बॉल (गोळा) आणि त्यावर बसणारा ट्रेलरचा कपलर एकाच मापाचे हवेत. सव्वादोन इंचाहून थोड्या मोठ्या, २ ५/१६ च्या कपलरमध्ये २ इंची बॉल बसल्यासारखा दिसतो, लॅचही लागतो, आणि पहिल्या खड्ड्याला निसटतो. लॅच लावल्यावर पुढचा जॅक फिरवून ट्रेलरचं टोक वर उचला. ट्रकचं बूड सोबत उचललं गेलं तर बसलाय. सुरक्षेच्या साखळ्या खालून एकमेकींवरून आडव्या. ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) तार साखळीला नाही, ट्रकच्याच पक्क्या भागाला. आणि सोडताना आधी ट्रेलरच्या चाकांना अडसर लावा, मग कपलर सोडा.

ट्रकला चारच पिनांचा प्लग असेल तर दिवे लागतील, इलेक्ट्रिक ब्रेक लागणार नाहीत. सात पिनांचा प्लग आणि कंट्रोलर हवाच. कंट्रोलर लावून विसरू नका: रिकाम्या पार्किंगमध्ये २०-२५ मैलांच्या वेगाला कळ पूर्ण दाबा, ट्रेलरची चाकं अडकेपर्यंत जोर वाढवा, मग थोडा कमी करा. ट्रेलर भरल्यावर पुन्हा. दिवे मधेच मिणमिणत असतील तर बल्ब बदलत बसू नका, आधी अर्थिंगची वायर आणि प्लगमधला गंज बघा. बहुतेक वेळा तिथंच असतं.

कोलोरॅडोतल्यांसाठी उताराचं वेगळं सांगतो. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे आणि सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना उतार ७ टक्क्यांपर्यंत जातो. टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खाली धरून ठेवणारी सोय) आणि खालचा गिअर बोगद्यातून बाहेर पडतानाच लावा, वेग वाढल्यावर नाही. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलात तर खाली पोचेपर्यंत जळका वास येतो.

टायरवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. नक्षी नवी दिसली तरी पाच-सहा वर्षांचा टायर बदला. वेगळं लिहिलेलं नसेल तर एसटी (खास ट्रेलरचे) टायर ताशी ६५ मैलांसाठीच असतात, आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कायद्यानं मर्यादा ५५ आहे. पेट्रोलला थांबलात की प्रत्येक चाकाच्या हबजवळ (मधल्या भागाजवळ) हात न्या. एक बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक घासतोय.

चाक काढून बसवलं असेल तर नट १०, २५ आणि ५० मैलांवर टॉर्क रेंचनं पुन्हा आवळा. आमचा रेंच ड्रायव्हरच्या सीटखाली असतो. ट्रेलरच्या कपाटात ठेवला होता तेव्हा १० मैलांवर कुणी उतरतच नव्हतं.