नैराश्याच्या काळात दातांची निगा कशी राखावी

नैराश्यात रोजची अनेक कामे सुटत जातात. न विंचरलेले केस घरच्यांना दिसतात, रात्री न घासलेले दात दिसत नाहीत. पुढे दाढ ठणकू लागली की झोप उडते, पुढचे दात किडले की माणूस चारचौघांत हसणे-बोलणे टाळतो आणि मूळचे नैराश्य आणखी वाढते. म्हणून पहिली पायरी घरच्यांची आहे: अशा माणसाला आळशी म्हणणे थांबवावे आणि उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली असल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे किंवा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.

त्यानंतर काम सोपे करावे. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे दात घासावेत हा नियम योग्यच आहे. पण ज्याला अंथरुणातून उठणेच जड जाते, त्याने निदान रात्रीचे घासणे सोडू नये, कारण झोपेत दातांचे रक्षण करणारी लाळ कमी स्रवते. मऊ ब्रश, वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट आणि एक वाटी पलंगाजवळ ठेवावी. बसल्या जागी घासून फेस वाटीत थुंकावा आणि लगेच खळखळून चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. मिश्री मात्र नको. ती तंबाखूच आहे.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कोरडे तोंड. अमिट्रिप्टिलिनसारख्या नैराश्यावरील जुन्या औषधांनी लाळ कमी होते, इतरही काही मनोविकारांच्या औषधांनी होते. लाळ तोंडातील आम्ल सौम्य करते. तेथील पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) सुमारे ५.५ च्या खाली गेला की दातांचे वरचे कठीण आवरण विरघळू लागते. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल किंवा नेहमीचीच मिसळ एकाएकी फार झोंबू लागली असेल, तर ते कोरड्या तोंडाचे लक्षण म्हणून ओळखावे. अशा वेळी लोक लिमलेटची गोळी चघळतात किंवा दर तासाला गोड चहा घेतात, आणि दात नेमके त्यानेच किडतात. त्याऐवजी घोटघोट पाणी प्यावे, साखरविरहित च्युइंगम चघळावे. औषध स्वतःहून बंद करू नये. मात्रा किंवा औषध बदलणे डॉक्टरांवर सोडावे.

सकाळी जबडा व कानशिले दुखत असतील तर झोपेत दात खाण्याची सवय असू शकते. त्यासाठी दंतवैद्य रात्री दातांवर घालायचे संरक्षक आवरण (नाइट गार्ड) बनवून देतात.

नाशिककरांना पंचवटीतील दंत महाविद्यालयात जाता येते. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, त्यामुळे वेळ अधिक लागतो. घाबरणाऱ्या रुग्णाने पहिली भेट केवळ तपासणीपुरती ठेवावी आणि डावा हात वर केला की थांबायचे, असे डॉक्टरांशी आधीच ठरवावे. खुर्चीत बसण्यापूर्वी चालू औषधांची चिठ्ठी दाखवावी. मनोविकाराच्या गोळ्यांचा उल्लेख संकोचाने टाळला जातो, पण तो टाळणे धोक्याचे आहे: लिथियम हे मनोविकारावरील औषध घेणाऱ्याने दाढदुखीवर आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेतल्यास रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. त्यामुळे मध्यरात्री दाढ ठणकली तरी घरातील कोणतीही वेदनाशामक गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारावे.