किरणोत्सवाच्या दोन तारखा आणि साइनचा वक्र

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतात ती वर्षातून दोनदा: ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला. आता १० नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी हे दिवस मोजा. ८३ भरतात. त्यांचे निम्मे साडेएक्केचाळीस, म्हणजे मधला बिंदू येतो २१-२२ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाशी. मावळतीची जागा वर्षभर साइनच्या वक्रासारखी सरकते, आणि हा वक्र तळाला जाऊन परत वर येताना तीच उंची दुसऱ्यांदा गाठतो. एका दिशेला दोन तारखा मिळतात त्या यामुळेच. हा वक्र कोल्हापुरात बसून स्वतः काढता येतो. लागतं ते एवढंच: एक ठरलेली जागा, फोनचा कॅमेरा आणि एक स्प्रेडशीट.

मोजायचं काय, हे आधी पक्कं करा. सूर्य बरोब्बर पश्चिमेपासून किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला मावळला, तो कोन. उत्तरेकडचा धन, दक्षिणेकडचा ऋण. कोल्हापूरचा अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर. सूर्याची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचा त्याचा कोन, वर्षभरात २३.४४ अंश उत्तर ते तितकीच दक्षिण अशी फिरते. क्रांतीच्या साइनला अक्षांशाच्या कोसाइनने भागलं की मावळतीच्या कोनाचा साइन मिळतो. इथे ०.३९७८ भागिले ०.९५७८ म्हणजे ०.४१५, आणि तो कोन २४.५ अंश. हा झाला आयाम, म्हणजे वक्र मध्यापासून जास्तीत जास्त जिथवर जातो ते अंतर. सूत्र असं:

दिशा = २४.५ × साइन(३६० × (दिवस − ८१) ÷ ३६५)

‘दिवस’ म्हणजे १ जानेवारीपासूनचा क्रमांक. १ फेब्रुवारी ३२वा, १० नोव्हेंबर ३१४वा. पहिल्याला उत्तर −१८.३ येतं, दुसऱ्याला −१८.७. दोन्ही वेळा पश्चिमेच्या दक्षिणेला अठरा-एकोणीस अंश. गणित इथे अंशात आहे. स्प्रेडशीटमधलं साइन रेडियन मागतं, म्हणून ३६० च्या जागी दोन पाय (२π) लिहा. उत्तरं वेडीवाकडी उड्या मारायला लागली तर नव्वद टक्के वेळा चूक हीच असते.

आता प्रत्यक्ष निरीक्षण. रंकाळ्याचा शहराकडचा काठ चांगला, कारण पाण्यापलीकडे पश्चिम मोकळी मिळते. काठावरचा एखादा दगड नाहीतर कठड्याचा खांब धरा आणि प्रत्येक वेळी तिथेच उभे राहा. खुणेसाठी क्षितिजावरची दोन ठिकाणं निवडा, निदान दोन किलोमीटर लांबची. शंभर मीटरवरचं झाड धरलंत आणि एक मीटर बाजूला सरकलात, तर कोन अर्ध्या अंशाहून जास्त बदलतो. दोन किलोमीटरवर तो फरक ०.०३ अंशावर येतो. खुणांची दिशा उपग्रह नकाशावर रेघ ओढून काढा. फोनच्या होकायंत्रावर विसंबू नका, शेजारी लोखंडी कठडा असला तरी ते काही अंशांनी भरकटतं. सूर्याकडे थेट टक लावू नका. शेवटची कड बुडताना एकाच झूमवर फोटो घ्या आणि कोन घरी मोजा.

क्षितिजावर डोंगर असेल तर सूर्य खऱ्या क्षितिजाआधीच बुडतो. आपल्याकडे मावळता सूर्य सरळ खाली न जाता उजवीकडे, उत्तरेकडे कलत उतरतो. म्हणून डोंगराची उंची दर अंशामागे नोंद सुमारे ०.३ अंश दक्षिणेला ढकलते. दोन अंशांचा डोंगर असेल तर प्रत्येक नोंदीत ०.६ मिळवा. ही दुरुस्ती राहिली तर अख्खा वक्र खाली बसतो आणि पश्चिमच चुकली की काय असं वाटतं.

आठवड्याला एक नोंद पुरते. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगांमुळे मावळती क्वचितच दिसते, आणि वक्राचं शिखर नेमकं त्यातच. नुसत्या जानेवारी ते मार्चच्या नोंदींवर वक्र बसवायला जाऊ नका. तो वक्राचा जेमतेम पाव तुकडा असतो आणि आयाम, मध्य दोन्ही एकमेकांत अडकतात. सप्टेंबरअखेर ते मार्च असा वळणासकट तुकडा घ्या आणि मध्य शून्यावर, आवर्तकाल ३६५ वर बांधून ठेवा. मग प्रत्येक दिवसासाठी एक साइनचा आणि एक कोसाइनचा स्तंभ करा (आतला कोन ३६० × दिवस ÷ ३६५, इथे ८१ वजा करायचे नाहीत) आणि नोंदींवर रेषीय समाश्रयण (लिनियर रिग्रेशन) चालवा. साइनचा गुणक ४.३ च्या आणि कोसाइनचा −२४.१ च्या जवळपास यायला हवा. दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे आयाम. तो २२ किंवा २७ आला तर झूम किंवा खुणांची दिशा पुन्हा तपासा.

एवढं करूनही थोडा फरक उरतोच. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे मार्च ते सप्टेंबर विषुवदिनांमध्ये सुमारे १८६ दिवस जातात आणि उरलेल्या अर्ध्यात १७९. एकच साइन दोन्ही अर्धे सारखे धरतो. म्हणून ऑक्टोबरात चूक एक अंशाच्या वर जाते. किरणोत्सवाच्या दिवसांत ती पाऊण अंशापर्यंत राहते.

या वक्राचा उतार तर आणखी सुंदर. उतार कोसाइनने मिळतो. २१ मार्चला मावळतीची जागा रोज ०.४२ अंश सरकते, २१ डिसेंबरला जवळजवळ थांबते आणि १ फेब्रुवारीला रोज ०.२८ अंश. सूर्याची तबकडी साधारण अर्ध्या अंशाची, म्हणजे तो दररोज स्वतःच्या निम्म्या रुंदीहून थोडा जास्त बाजूला होतो. देवळाचा अक्ष डिसेंबरच्या टोकाकडे असता तर किरणं कित्येक दिवस त्याच रेषेत रेंगाळली असती. अर्थात सूत्र फक्त दिशा सांगतं. ढग, धूळ किंवा वाटेतलं बांधकाम त्याला कळत नाही.

क्षितिज मोकळं नसेल तर दिनमान घ्या: मिनिटं = ७२८ + ६० × साइन(३६० × (दिवस − ८१) ÷ ३६५). २१ जूनला १३ तास ८ मिनिटं, २१ डिसेंबरला ११ तास ८ मिनिटं. मध्य ७२० ऐवजी ७२८, कारण हवेतल्या वक्रीभवनामुळे सूर्य थोडा जास्त वेळ दिसतो आणि उदय-अस्त वरच्या कडेवरून धरतात. दिनदर्शिकेतल्या वेळा वापरणार असाल तर त्या कुठल्या गावच्या आहेत ते पाहा. आयाम ६० ऐवजी ६८-६९ आला तर आकडे मुंबईचे आहेत. आणि नुसत्या सूर्यास्ताच्या वेळेवर हा वक्र बसवू नका. सगळ्यात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होतो आणि सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या उत्तरार्धात, कारण मध्यान्हही वर्षभर पुढेमागे सरकत असते. उदय आणि अस्त यांची वजाबाकी केली की ते सरकणं निघून जातं आणि वक्राचा तळ पुन्हा २१ डिसेंबरला येऊन बसतो.