‘होट्टे नोवु’ म्हणायला शिका

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून बेळगावात नर्सिंगला येणाऱ्या पोरींना सामानाची यादी मिळते: ॲप्रन, सेकंदकाट्याचं घड्याळ, पांढरे बूट. पाळी आली की आठ तास उभं कसं राहायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

माझं पहिलं वर्ष, सर्जिकल वॉर्ड. पोटात कळा, मांड्या भरून आलेल्या. पेशंटना मी विचारत होते, ‘शून्य ते दहा, किती दुखतंय?’ आणि शीटवर आकडा मांडत होते. माझा स्वतःचा आठ होता. सिस्टरना एवढंच म्हटलं, ‘बरं वाटत नाही.’ त्यांना वाटलं, कामचुकार. तासाभरात बाथरूममध्ये उलटी. सोबतची सीनियर अक्का कन्नडमध्ये खेकसली, ‘होट्टे नोवु अंत हेळु!’ पोट दुखतंय म्हणून सांग की. पेशंटसाठी शिकलेले ते दोन शब्द स्वतःसाठी वापरायचं सुचलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात सरळ सांगितलं, ‘सिस्टर, पाळीचं दुखतंय.’ म्हणाल्या, ‘गोळी घेतलीस? बस, नोट्स पुऱ्या कर.’

गोळीचंही चुकत होतं. असह्य झाल्यावर घ्यायचे. प्रोस्टाग्लँडिन पाठ होतं: गर्भाशयाच्या अस्तरातून सुटतं, स्नायू आवळतं, रक्तपुरवठा घटवतं, मळमळ, जुलाबही त्याचेच. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड ते तयार होणंच रोखतात. म्हणजे गोळी कळा सुरू होताच, आणि खाऊन. उपाशीपोटी ड्यूटीला पळणाऱ्यांनी डब्यातली अर्धी भाकरी आधी संपवावी. दमा, अल्सर, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. मेफेनॅमिक ॲसिडच्या गंभीर रिॲक्शनबद्दल २०२३ मध्ये भारतीय औषधकोश आयोगाने सावध केलंय. पुरळ किंवा ताप आला तर गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवा. (वॉर्डच्या ट्रॉलीतली गोळी उचलू नका, हिशेब लागतो.) गरम पाण्याची पिशवी हॉस्टेलवर हवीच.

कर्नाटकाने २०२५ मध्ये नोकरदार बायकांना वर्षाला बारा दिवस पगारी पाळीरजा मंजूर केली. आपली, विद्यार्थिनींची, गाडी मात्र अजून हजेरीच्या टक्क्यांवर. म्हणून पोस्टिंग बदलून घ्यायचं असेल तर क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना आधीच सांगा, ऐन सकाळी नको.

घरी फोन केला की आई म्हणायची, ‘लग्न झालं की जाईल.’ दुखणं दर वर्षी वाढत असेल, पाळी नसतानाही राहत असेल, शौचाला कळ येत असेल, गोळीने भागत नसेल, तर ते एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, असू शकतं. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी ते असू शकतं, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. स्त्रीरोग ओपीडी आपल्याच इमारतीत होती, दोन मजले खाली.