रशियन परीकथांचा अभ्यास कसा करायचा: एक कथा धरा आणि तिथेच खणत रहा

रशियन परीकथा आणि तिथल्या लोकसमजुतींचा अभ्यास करायचाय, सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की बहुतेक लोक पात्रांची यादी हातात देतात. बाबा यागा, कोश्चेई, दोमोवोई, रुसाल्का, लेशी. मग माणूस नेटवर एकेक नाव शोधत बसतो, प्रत्येकाबद्दल चार ओळी वाचतो, चित्रं बघतो आणि महिन्याभराने डोक्यात सगळ्याची खिचडी झालेली असते. मी पण असंच केलं होतं आणि त्यात बरेच महिने गेले, म्हणून कळकळीने सांगतेय की यादी बाजूला ठेवा आणि एकच कथा घ्या. 'वासिलिसा प्रेक्रास्नाया' म्हणजे सुंदर वासिलिसाची कथा घ्या. एकोणिसाव्या शतकात रशियन लोककथांचा मोठा संग्रह काढणाऱ्या अलेक्सांद्र अफानास्येवच्या संग्रहात तिचा नंबर १०४ आहे. हा नंबर लिहून ठेवा, कारण या विषयावर लिहिणारे सगळे कथांना अफानास्येवच्या नंबराने ओळखतात, नुसत्या नावाने शोधाल तर एकाच नावाच्या तीन तीन कथा समोर येतात.

वाचायला बसण्याआधी दोन शब्दांचा घोळ मिटवून टाका. आपण 'परीकथा' म्हणतो पण रशियन कथेत परी नसतेच. त्यांचा शब्द 'स्काझ्का', तो 'सांगणे' या क्रियापदावरून आलाय, म्हणजे आपला 'कथा' आणि 'कथन' यांचं जसं नातं तसंच. गंमत म्हणजे अठराव्या शतकात सरकारदरबारी दिलेल्या जबानीला पण स्काझ्काच म्हणायचे, कर बसवण्यासाठी माणसं मोजली जायची त्या याद्यांना 'रेविझ्स्काया स्काझ्का' असं नाव होतं. दुसरा घोळ बाबा यागाचा, म्हणजे जंगलात राहणाऱ्या चेटकिणीचा. मराठी वाचणाऱ्याला 'बाबा' म्हटलं की पुरुष दिसतो, पण रशियनमध्ये 'बाबा' म्हणजे बाई, तेव्हा ती बाबा यागा आली, असंच वाचायचं. 'यागा' या शब्दाच्या मुळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाहीये, त्यामुळे कोणी छातीठोकपणे एकच अर्थ सांगत असेल तर जरा थांबा.

आता कथा. पहिल्या वाचनात काही शोधू नका, नुसती वाचा. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या आणि जे जे विचित्र वाटतं त्याच्याखाली रेघ मारा, अर्थ लावायचा नाही, फक्त रेघ. मरताना आई वासिलिसाला एक बाहुली देते आणि संकट आलं की तिला खाऊ घालून सल्ला विचार असं सांगते. म्हणून वासिलिसा बाहुलीला म्हणते, घे बाहुले, खा आणि माझं दुःख ऐक. सावत्र आईच्या मुली तिला विस्तव आणायला यागाकडे पाठवतात. वाटेत तिला आधी पांढरा घोडेस्वार दिसतो आणि उजाडतं, मग लाल दिसतो आणि सूर्य उगवतो, आणि शेवटी काळा दिसतो आणि रात्र होते. यागाच्या घराचं कुंपण माणसांच्या हाडांचं, त्यावर डोळ्यांसकट कवट्या, दाराला कडीच्या जागी हात आणि कुलपाच्या जागी दात असलेलं तोंड. आत गेल्यावर कामं मात्र अगदी घरगुती आहेत, अंगण झाडायचं, स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे, गव्हातून काळे दाणे निवडायचे, खसखशीतली माती काढायची.

माझ्यासाठी या कथेतली सगळ्यात मोठी जागा ती आहे जिथे यागा म्हणते, काय विचारायचंय ते विचार, पण प्रत्येक प्रश्नाने भलं होत नाही, फार जाणशील तर लवकर म्हातारी होशील. वासिलिसा तीन घोडेस्वारांबद्दल विचारते. यागा सांगते तो माझा दिवस, तो माझा सूर्य, ती माझी रात्र, सगळे माझे नोकर. पण घरात हवेतून येऊन काम करणाऱ्या हातांच्या तीन जोड्या होत्या, त्यांच्याबद्दल वासिलिसा चकार शब्द काढत नाही. यागा खूश होते, म्हणते बरं झालं तू बाहेर पाहिलेलंच विचारलंस, घरातलं नाही, माझ्या घरचा केर बाहेर गेलेला मला आवडत नाही. आता 'घरातला केर बाहेर नेऊ नये' ही रशियनमधली रोजच्या वापरातली म्हण आहे, आपण घरचं चव्हाट्यावर आणू नये म्हणतो ना, तीच. इथे मात्र ती म्हण अक्षरशः जिवावरची होते. भाषांतरात हे वाक्य पुष्कळदा सरळसोट होऊन जातं आणि अख्खी जागा हातातून निसटते. म्हणून माझा आग्रह असतो की निदान सिरिलिक लिपी शिकून घ्या, तेहतीसच अक्षरं आहेत, रोज थोडा वेळ दिला तर आठ-दहा दिवसांत वाचता येतात. पूर्ण रशियन आलं नाही तरी चालेल, भाषांतर एका बाजूला आणि मूळ मजकूर दुसऱ्या बाजूला ठेवून शब्द ताडून बघता आले पाहिजेत. मूळ मजकूर 'फंडामेंटल इलेक्ट्रॉनिक लायब्ररी' या रशियन साहित्य आणि लोकसाहित्याच्या साइटवर फुकट मिळतो. बोलीभाषेतला शब्द अडला की व्लादिमीर दालचा कोश बघा, १८६३ ते १८६६ मध्ये आलेला, जवळपास दोन लाख शब्दांचा, त्यात म्हणी आणि समजुती पण ठासून भरल्या आहेत.

मग तिसरी पायरी, ही कथा कागदावर कशी आली ते बघायचं. लोक इथे कंटाळतात, पण हे वगळलं तर पुढचं सगळं चुकतं. अफानास्येव (१८२६ ते १८७१) वोरोनेझ प्रांतातला, नोकरी मॉस्कोत, परराष्ट्र खात्याच्या दप्तरखान्यात. त्याचा संग्रह १८५५ ते १८६३ या काळात आठ भागांत आला, कथा सहाशेच्या आसपास. पण तो स्वतः गावोगाव हिंडून कथा गोळा करत नव्हता. बऱ्याच कथा रशियन जिओग्राफिकल सोसायटीच्या संग्रहातून आल्या, आणि दालने तर आपल्याकडचा कथांचा साठाच त्याला देऊन टाकला. म्हणजे कथा कोणी सांगितली, कोणत्या गावात, सांगणारी बाई होती की बुवा, हे कितीतरी ठिकाणी कळतच नाही. ही उणीव भरून काढायची असेल तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे संग्रह बघा. ओंचुकोवच्या उत्तरेकडच्या कथा १९०८ मध्ये आल्या, झेलेनिनच्या पेर्म प्रांतातल्या १९१४ मध्ये आणि सोकोलोव भावांच्या बेलोझेर्स्क भागातल्या १९१५ मध्ये. या लोकांनी सांगणाऱ्या माणसाकडे पण लक्ष दिलं, तो कोण, काय काम करतो, कसा सांगतो, आणि ते वाचताना कथा एकदम कोणाच्या तरी तोंडून ऐकतोय असं वाटतं.

आता समजुतींकडे, आणि इथे एक फरक पक्का करून घ्या, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हा राहू द्या. स्काझ्का ही सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही कल्पित म्हणून माहीत असते. म्हणून तर शेवटी सांगणारा म्हणतो, मी पण त्या लग्नात होतो, मध-बियर प्यायलो, मिशांवरून ओघळली पण तोंडात काही गेली नाही. दुसरा प्रकार 'बिलिच्का', म्हणजे अमक्याच्या काकाला जंगलात लेशी भेटला, तमकीने न्हाणीघरात आवाज ऐकला, हे खरं घडलं म्हणून सांगतात, गाव आणि माणूस सांगून. बाबा यागा आणि कोश्चेई, म्हणजे सहजासहजी न मरणारा दुष्ट, हे मुख्यतः स्काझ्कातले. दोमोवोई (घरातला), लेशी (जंगलातला), वोद्यानोई (पाण्यातला), बान्निक (न्हाणीघरातला) ही भुतंखेतं बिलिच्कातली, लोक त्यांना खरोखर भ्यायचे आणि त्यांच्याशी नीट वागायचे. माझ्या वहीत म्हणूनच दोन वेगळे भाग आहेत, आणि कुठलीही नोंद करताना आधी ठरवते की हे कोणत्या भागात जाणार.

समजुतींचा भाग शिकायला मला सगळ्यात उपयोगी पडलं ते घराचं चित्र. कागदावर एक 'इज्बा' काढा, म्हणजे लाकडी ओंडक्यांचं शेतकऱ्याचं घर. एका कोपऱ्यात मोठी भट्टी, 'पेच', तिच्यावर झोपायची पण सोय. तिच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यात देवांच्या तसबिरी, त्याला 'क्रास्नी उगोल' म्हणायचे. दोमोवोईची जागा भट्टीपाशी. त्याला नावाने हाक मारायची नाही, आजोबा किंवा मालक म्हणायचं. घर बदलताना घरातली म्हातारी जुन्या भट्टीतले निखारे मडक्यात घेऊन नव्या घरी जायची आणि आजोबा, आमच्या नव्या घरी या, असं आमंत्रण द्यायची. आणि रात्री झोपेत छातीवर कोणी बसल्यासारखं झालं तर तो दोमोवोई, त्याला धीर करून विचारायचं, वाईटासाठी का चांगल्यासाठी, आणि तो काय सांगतो ते ऐकायचं. आता घराबाहेर या, अंगणाच्या टोकाला 'बान्या', वाफेचं न्हाणीघर. तिथे तसबीर नसते, म्हणून ती जागा धोक्याची. तिथला बान्निक. आंघोळीच्या सगळ्या पाळ्या माणसांनी घ्यायच्या नाहीत, तिसरी किंवा चौथी पाळी त्याची, त्याच्यासाठी थोडं पाणी आणि साबण ठेवायचा, मध्यरात्रीनंतर तर पाऊल टाकायचं नाही. पण नाताळानंतरच्या दिवसांत, ज्यांना 'स्व्यात्की' म्हणतात, मुली नेमक्या तिथेच भविष्य बघायला जायच्या, आणि केसाळ हाताचा स्पर्श झाला तर नवरा श्रीमंत मिळणार असं मानायच्या. त्याच्या पलीकडे शेत, मग जंगल, तिथे लेशी. वाट चुकली तर कपडे उलटे घालायचे आणि बूट डाव्याउजव्या पायांत बदलायचे. हे एकदा चित्रात बसवलं की पाठ करावं लागत नाही, घरापासून जितके लांब जाल तितकं तिथलं कोणी तरी कमी ओळखीचं होत जातं.

रुसाल्काबद्दल थोडं जास्त सांगते कारण तिची नेटवर फार वाट लागलीये, सगळीकडे माशाची शेपटी लावलेली दिसते. द्मित्री झेलेनिनने १९१६ मध्ये दाखवून दिलं की रुसाल्का मुळात अकाली आणि अस्वाभाविक मरण आलेल्यांपैकी आहेत, बुडालेल्या मुली, बाप्तिस्मा न झालेली लेकरं. अशा मृतांना 'झालोझ्नी' म्हणत, जमीन त्यांना घेत नाही अशी समजूत होती. ईस्टरनंतरच्या सातव्या गुरुवारी 'सेमिक' असायचा, तेव्हा त्यांची आठवण केली जायची. हे वाचल्यावर रुसाल्का ही जलपरी वाटत नाही, कोणाची तरी गेलेली लेक वाटते, आणि ती गाणी, त्या विधी सगळं वेगळंच दिसायला लागतं. तारखांचं एक लक्षात ठेवा, रशियाने १९१८ मध्ये कॅलेंडर बदललं, त्याआधीच्या नोंदींतल्या सणांच्या तारखा जुन्या पद्धतीच्या असतात, विसाव्या शतकातल्या असतील तर तेरा दिवस मिळवायचे.

इतकं झाल्यावर मगच थिअरी वाचा. लोककथांचा अभ्यासक व्लादिमीर प्रोप्पचं 'परीकथेचं रूपशास्त्र' १९२८ मधलं. त्याने अफानास्येवच्या शंभर कथा घेतल्या आणि दाखवलं की पात्रं बदलतात पण त्यांची कामं तीच राहतात, अशी ३१ कामं आणि ७ प्रकारची पात्रं. ते ३१ पाठ करू नका, वासिलिसावर लावून बघा, कुठे बसतं आणि कुठे ओढून ताणून बसवावं लागतं ते लिहा. खरा खजिना मला त्याच्या १९४६ च्या पुस्तकात मिळाला, जिथे तो या कथांची मुळं जुन्या विधींमध्ये शोधतो. यागा झोपडीत आडवी पडलेली असते, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, नाक छताला टेकलेलं, एक पाय हाडाचा. प्रोप्प म्हणतो ही शवपेटीतल्या मृतासारखी आहे, तिची झोपडी म्हणजे जिवंतांच्या आणि मृतांच्या जगातली चौकी, आणि तिला येतो तो 'रशियन वास' म्हणजे जिवंत माणसाचा वास. हे पटेल किंवा नाही पटणार, पण वासिलिसा पुन्हा वाचताना अंगावर काटा येतो हे नक्की.

काही खड्डे आधीच दाखवून ठेवते. अफानास्येवने कथांचे अर्थ लावणारे तीन जाडजूड खंड पण लिहिलेत, १८६५ ते १८६९ मध्ये, त्यातली माहिती अनमोल आहे पण त्याला जिथे तिथे वीज, ढग आणि सूर्य दिसतो, तो त्या काळच्या विचारांचा भाग होता, तेव्हा माहिती घ्या आणि अर्थ बाजूला ठेवा. ख्रिस्तीपूर्व देवांबद्दल तर फारच जपून. कीव्हचा राजा व्लादिमीर याने ९८० मध्ये पेरुन, खोर्स, दाझ्बोग, स्त्रिबोग, सिमार्ग्ल आणि मोकोश यांच्या मूर्ती उभारल्या असं इतिवृत्तात आहे, त्यापुढे ठोस माहिती थोडीच आहे. लेल आणि लादा हे देव म्हणून मिरवतात पण ते गाण्यांच्या धृपदांतल्या शब्दांवरून विद्वानांनी टेबलावर बसून तयार केलेत. आणि प्राचीन ग्रंथ म्हणून मिरवणारं 'वेलेसचं पुस्तक' कोणी पुरावा म्हणून दिलं तर तिथेच थांबा, ते बनावट आहे हे भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय.

वासिलिसा संपली की नंबर १५९ घ्या, 'मार्या मोरेव्ना'. यात यागा परत भेटते पण इथे ती घोड्या पाळते, तिच्या घराभोवती बारा खांब, अकरांवर मुंडकी आणि एक रिकामा. कोश्चेई बारा साखळ्यांनी बांधलेला असतो, पाणी मागतो, आणि तीन बादल्या पिऊन सुटतो. याआधी कुठेतरी तुम्ही वाचलेलं असेल की त्याचा जीव सुईत, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात. या कथेत त्यातलं काहीच नाहीये, कथेचा नायक इवान, त्याचा घोडा त्याच्या डोक्यावर खूर मारतो, इवान गदेने त्याला संपवतो आणि जाळून राख उडवून देतो. वहीत कोश्चेईचं पान काढा, १५९ नंबर टाका, ही नोंद करा आणि मग १५६ ते १५८ उघडून तिथे काय होतं ते शेजारी लिहा.