लेक न्यायला परदेशातून येताना: नाशिकच्या एका आत्याकडून

माझे दादा-वहिनी न्यू जर्सीला असतात. दोघंही तिकडचे नागरिक, ओसीआय कार्डवाले, म्हणजे मूळचे भारतीय. मागच्या वर्षी ते नाशिकला आले ते त्यांच्या लेकीला घेऊन जायला. इकडची सगळी धावपळ गंगापूर रोडवरच्या आमच्या घरातून मी केली. तुम्ही परदेशात असाल आणि दत्तक मूल न्यायला इकडे येणार असाल, किंवा तुमच्या घरी असं कुणी उतरणार असेल, तर हे तुमच्यासाठी.

सगळ्यात आधी, परतीची तारीख पक्की करू नका. दादाने तीन आठवड्यांची रजा टाकली होती, लागले अकरा. मधे तो एकटा परत गेला, वहिनी लेकीजवळ राहिली. जमत असेल तर तशी तयारी घरूनच करून या.

अर्ज कारा, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या केअरिंग्ज या पोर्टलवर होतो, पण परदेशातल्यांना तो तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत करावा लागतो. घराची पाहणी आणि अहवालही तीच करते. या वाटेला दुसरा फाटा नाही. आमच्याकडे लांबच्या नात्यातल्या एका काकूंनी फोन केला, "एका दवाखान्यात बाळ आहे, बोलून बघू का?" मी तिथल्या तिथे नको म्हटलं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली मुलाची खरेदी-विक्री हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. नोटरीकडे केलेलं नुसतं दत्तकपत्रही बाळाला देशाबाहेर न्यायला पुरत नाही, काराचं पत्र लागतंच. भारताने २००३ मध्ये एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक देण्याविषयीच्या हेग कराराला मान्यता दिली, तेव्हापासून दोन्ही देशांचा होकार कागदावर असावा लागतो. अमेरिकेत राहत असाल तर दत्तक मुलाला तिकडे नेण्यासाठी तिथल्या सरकारकडे केलेल्या आय-८०० अर्जाला तात्पुरता होकार येईपर्यंत इकडे दत्तक आदेश होऊ देऊ नका, पुढे व्हिसाला अडचण येते.

काराचं ना-हरकत पत्र आलं की आदेशाची वाट न बघता मुलाला दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी आणता येतं, फक्त देशाबाहेर नेता येत नाही. ही सवलत जरूर घ्या. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात आणि कायद्यात त्याला दोन महिन्यांची मुदत आहे. आमची सुनावणी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. पाच-दहा मिनिटांचं काम होतं. वहिनीचे हात मात्र गार पडले होते.

आदेशानंतर जन्मदाखला, मग पासपोर्ट, हेग कराराच्या तेविसाव्या कलमाखालचं काराचं प्रमाणपत्र आणि शेवटी व्हिसा. आमचे नऊ दिवस गेले ते एका अक्षरापायी. जन्मदाखल्यावर दादाच्या इंग्रजी नावात एक 'ए' जास्त पडला होता आणि तो आमच्या कुणाच्याच लक्षात आला नाही. म्हणून कुठलाही कागद हातात आला की काउंटर सोडू नका. शेजारी पासपोर्ट उघडा, एकाने अक्षर-अक्षर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवून तपासायचं. अमेरिकेच्या व्हिसासाठी दिल्लीला जावं लागतं. तिथे दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी होते. मूल दोन वर्षांपेक्षा मोठं असेल तर क्षयरोगासाठी रक्त घेतात आणि तो अहवाल यायला वेळ लागतो. दिल्लीत चार दिवस जास्तीचे धरूनच खोली घ्या.

कागदांचं एवढं पुरे. खरी चूक आमची दुसरीकडेच झाली.

भाची तेव्हा अडीच वर्षांची होती. घरी आणली त्या दिवशी आईने औक्षणाचं ताट तयार ठेवलेलं, काका-काकू, मावशी, शेजारच्या दोघी, मिळून सोळा-सतरा माणसं. दारात तुकडा ओवाळून टाकला, निरांजन तिच्या चेहऱ्यासमोर आलं आणि तिने जो सूर लावला! वहिनीच्या कडेवरून उतरून जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली. तासभर बाहेर आली नाही. सगळे प्रेमानेच आले होते, पण तिला त्यांतलं एकही माणूस ओळखीचं नव्हतं. आईनेच मग सगळ्यांना पेढे देऊन हळूहळू वाटेला लावलं. तुम्ही निदान दोन आठवडे कुणाला बोलावू नका. बारसं, पूजा, फोटो सगळं पुढे ढकला. आजी-आजोबांनी रुसायचं नाही, हे त्यांना आधीच समजावून सांगा. भरवायचं, न्हाऊ घालायचं, झोपवायचं हे सगळं आई-बाबांनीच करायचं. मी आत्या असूनही पहिले पंधरा दिवस तिला उचललं नाही. जड गेलं, पण मूल आई-बाबांना धरतं ते असंच.

घरी आणण्याआधी मूल राहतं त्या इकडच्या संस्थेत रोज जाऊन बसा आणि तिथल्या मावशींना बारीकसारीक विचारा. वरणभात किती सैल लागतो? झोपताना पालथी पडते की कुशीवर? आमची भाची फक्त स्टीलच्या फुलपात्रातून दूध प्यायची. वहिनीने तिकडून आणलेला रंगीत सिपर तिने हातातही धरला नाही. शॉवर सुरू केला की थरथरायची, म्हणून बादली आणि तांब्या. झोपवताना मावशी तिच्या कपाळावर तळवा ठेवून "गप गप गप" म्हणायच्या. वहिनीने त्यांच्या परवानगीने तो आवाज मोबाइलवर घेतला. पहिल्या चार रात्री त्या आवाजावरच निभावल्या.

तिच्या अंगावरचं एक पिवळं दुपटं होतं, धुऊन धुऊन विटलेलं, एका कोपऱ्यात दोरे निघालेले. तो कोपरा दोन बोटांत चोळत ती झोपते. मी ते धुवायला टाकणार होते, वहिनीने माझा हात धरला. बरंच झालं. तुम्हीही निदान महिनाभर अशी वस्तू धुऊ नका, तिचा वासच मुलाच्या ओळखीचा असतो. संस्थेला बदल्यात नवी दुपटी घेऊन द्या.

निघण्याआधी संस्थेच्या फाटकाचे, अंगणाचे, मावशींचे फोटो विचारून घ्या, बाकीच्या मुलांचे मात्र नकोत. पुढे "मी कुठे होते?" हा प्रश्न येणारच आहे. परतल्यावर मूल कसं रुळतंय याचे दोन वर्षांत सहा अहवाल द्यावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. तारखा आताच कॅलेंडरवर टाका.

मूळ कागद, दोन दिवसांचे कपडे, नाचणीसत्त्व आणि फुलपात्र हातातल्या बॅगेत ठेवा. दुपटंही हातातच. मुंबई विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर ते ठेवावं लागलं. आम्ही तिला आधी सांगून ठेवलं होतं की ते बोगद्यातून पलीकडे जाणार आहे आणि बाबा तिकडे उभा आहे. ती वाकून वाकून बघत होती. ट्रे बाहेर आला, दादाने दुपटं उचलून दाखवलं आणि ती त्याच्याकडे पळत गेली.