दस्तऐवज तपासणीच्या डेटाबेससाठी सर्व्हर आणि नेटवर्क कसे आखावे

पुलाच्या किंवा महामार्गाच्या कंत्राटावरून लवाद सुरू झाला की पक्षकाराकडून वकिलाच्या ऑफिसात दोन-चार हार्ड डिस्क येऊन पडतात. त्यांत वर्षानुवर्षांचे ईमेल, बिले, मेजरमेंट बुकाची (झालेल्या कामाची मोजमापे लिहिलेल्या वहीची) स्कॅन केलेली पाने, नकाशे, बैठकांची इतिवृत्ते असा सगळा माल असतो. ज्युनियर वकील एकेक दस्तऐवज उघडून त्यावर खूण करतात: संबंधित, असंबंधित, गोपनीय, वकील-पक्षकार पत्रव्यवहार म्हणून रोखून ठेवायचा. या खुणा सांभाळणारा सर्व्हर घ्यायची वेळ आली की पहिला प्रश्न हमखास येतो, 'रॅम किती टाकू?' खरे तर त्याचा नंबर तिसरा-चौथा आहे.

एक उदाहरण धरून चालू. १० लाख दस्तऐवज, सरासरी ५ पाने, २५ रिव्ह्यूअर (खुणा करणारे वकील). ऑफिस मुंबईत, काही मंडळी नागपुरातून काम करणारी. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशोबाची रीत हीच.

१. आधी माल मोजा

मूळ फायली सरासरी ३०० केबीच्या धरल्या तर ३०० जीबी झाले. पानांच्या प्रतिमा काढायच्या असतील तर ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपक्यांचे) काळे-पांढरे टिफ प्रतिमेचे पान साधारण ४० ते ५० केबीत बसते. ५० लाख पानांचे २०० ते २५० जीबी. रंगीत पान याच्या दहापट जागा सहज खाते, म्हणून रंग फक्त नकाशे आणि फोटोंपुरता ठेवा. फायलींतून काढलेला मजकूर १०-१५ जीबी. त्यात मराठी-हिंदी कागद बरेच असतील तर थोडा हात सैल सोडा, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेते, इंग्रजीचे एकच. शोधासाठीचा इंडेक्स, म्हणजे कोणता शब्द कुठे आहे याची सूची, मजकुराएवढाच धरा. खुद्द डेटाबेस, म्हणजे तारखा, पत्ते, खुणा आणि कोणी काय कधी बदलले याची नोंद, २०-३० जीबी.

बेरीज ६०० जीबीच्या आसपास जाते, आणि डेटाबेस हा त्यातला अगदी लहान भाग आहे. तरी ६०० वर थांबू नका. समोरच्या पक्षाचे दस्तऐवज अजून यायचे असतात, झिप आणि आउटलुकच्या पीएसटी (मेलबॉक्सच्या) फायली उलगडल्या की फुगतात, आणि लवादापुढे द्यायच्या क्रमांकित संचाची वेगळी प्रत लागते. वापरण्याजोगी २ टीबी जागा ठेवा.

२. गर्दी नेमकी कधी होते ते पाहा

२५ जण तासाला ५०च्या वेगाने दस्तऐवज पाहत असतील तर तासाला १,२५० झाले. म्हणजे साधारण दर तीन सेकंदांना एक उघडणार आणि एक खूण साठणार. एवढ्याला साधा सर्व्हरसुद्धा पुरतो. गाडी अडते ती दुपारी कोणी नवी हार्ड डिस्क चढवायला घेतो, इंडेक्स नव्याने बांधला जातो किंवा संच बाहेर काढला जातो तेव्हा. रिव्ह्यूअरच्या पडद्यावर चक्र फिरत राहते आणि दोष डेटाबेसच्या माथी बसतो.

म्हणून या लेखातला सर्वांत महत्त्वाचा सल्ला: डेटाबेस एका मशीनवर आणि फायली उलगडणे, ओसीआर (स्कॅनमधली अक्षरे ओळखून मजकूर काढणे), प्रतिमा काढणे ही हमाली दुसऱ्या मशीनवर ठेवा. बजेट एकाच मशीनचे असेल तर ही कामे रात्रीच चालतील असा नियम लेखी करा.

ओसीआरचा हिशोब वेगळा मांडायलाच हवा. ५ लाख स्कॅन पाने, प्रोसेसरच्या एका कोअरवर (गणना करणाऱ्या एका भागावर) पानाला ३ सेकंद धरले, तर १५ लाख सेकंद, म्हणजे सतरा दिवसांहून जास्त. १६ कोअरवर तेच काम साधारण २६ तासांत उरकते. महाराष्ट्रातल्या कागदांत आणखी एक मेख आहे. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत टाइप केलेल्या जुन्या पीडीएफ डोळ्यांना व्यवस्थित दिसतात, पण आतला मजकूर काढला की इंग्रजी अक्षरांचा कचरा हाती येतो. 'भूसंपादन' शोधले तर त्या सापडणारच नाहीत. अशा पीडीएफही ओसीआरच्या रांगेत धरा आणि मगच कोअर ठरवा.

३. डिस्क: इथे कंजुषी नको

७,२०० आरपीएमची फिरती डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला शंभरेक वाचनेच करू शकते; साधी सॅटा एसएसडी दहा हजारांच्या पटीत करते. डेटाबेस, त्याचा लॉग (बदलांची क्रमवार नोंद) आणि इंडेक्स एसएसडीवर, शक्यतो एनव्हीएमई या आणखी वेगवान प्रकारावर ठेवा. रेड म्हणजे एखादी डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडण्याची रचना. रेड ५ मध्ये प्रत्येक लहान लेखनामागे डिस्कवर चार हालचाली होतात, रेड १० मध्ये दोन. डेटाबेसला रेड १० घ्या. मूळ फायली आणि प्रतिमा बहुतांशी वाचल्याच जातात, त्यांना रेड ६ वरच्या स्वस्त मोठ्या डिस्क चालतात.

एक बारीक गोष्ट बहुतेक जण विसरतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरसाठी विंडोजचा व्हॉल्यूम ६४ केबीच्या क्लस्टरने (जागा वाटून देण्याच्या सर्वांत लहान तुकड्याने) फॉरमॅट करतात, आणि ते योग्यच आहे. पण तीच सवय प्रतिमांच्या व्हॉल्यूमवर चालवली तर ४० केबीचे पान ६४ केबी अडवून बसते. ५० लाख पानांवर १२० जीबी जागा नुसती वाया! तिथे ४ केबीच ठेवा. एका फोल्डरात हजारभर फायलींपेक्षा जास्त कोंबू नका, आणि डेटाबेसच्या फायली अँटिव्हायरसच्या स्कॅनमधून वगळा.

४. आता रॅम आणि प्रोसेसर

वर मोजलेला डेटाबेस आणि शोधाचा इंडेक्स मिळून ३०-४५ जीबी. तो सगळा मेमरीत मावला तर डिस्ककडे जावेच लागत नाही. ६४ जीबी पुरते, ९६ असेल तर निवांत. ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅमच घ्या. एसक्यूएल सर्व्हरला कमाल मेमरीची मर्यादा घालून द्या, नाहीतर तो ऑपरेटिंग सिस्टिमलाही उपाशी ठेवतो. पोस्टग्रेस हे दुसरे डेटाबेस सॉफ्टवेअर असेल तर शेअर्ड बफर्स, म्हणजे डेटा धरून ठेवायची त्याची मेमरी, एकूण रॅमच्या पाव भागापासून सुरू करा.

कोअर घेताना लायसन्सचा कागद शेजारी ठेवा. एसक्यूएल सर्व्हरचे लायसन्स कोअरवर मोजले तर किमान चार कोअरचे पैसे लागतातच. २०२२च्या स्टँडर्ड आवृत्तीत २४ कोअर आणि बफरसाठी (डेटा धरून ठेवायच्या मेमरीसाठी) १२८ जीबी एवढीच मर्यादा आहे. २०२२च्याच फुकटच्या एक्स्प्रेसमध्ये एक डेटाबेस १० जीबीवर अडतो. डेटाबेसला थोडे पण वेगवान कोअर द्या, ओसीआरच्या मशीनला भरपूर.

५. नेटवर्क: रुंदीपेक्षा अंतर नडते

रिव्ह्यूअरच्या टेबलापर्यंत १ गिगाबिट पुष्कळ झाले. सर्व्हर, फायलींचे स्टोरेज आणि प्रोसेसिंगचे मशीन यांच्यामध्ये मात्र १० गिगाबिट टाका. १ गिगाबिटवर १ टीबी कॉपी व्हायला अडीच तास लागतात, तेही फायली मोठ्या असतील तर. लाखो छोट्या फायलींत प्रत्येकीचे उघडणे-बंद करणे वेळ खाते. त्या एकाच आर्काइव्हमध्ये बांधून आणा आणि सर्व्हरवर सोडा. भिंतीतून केबल जाणार असेल तर कॅट ६ए टाका, १० गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते. साध्या कॅट ६ वर ५५ मीटरच्या पुढे भरवसा नाही.

नागपूरच्या मंडळींचा प्रश्न वेगळा. डेस्कटॉपवर चालणारी जुनी रिव्ह्यू सॉफ्टवेअरे एक दस्तऐवज दाखवायला डेटाबेसकडे शे-दोनशे फेऱ्या मारतात. ऑफिसच्या लॅनवर फेरीला एक मिलिसेकंदही लागत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. नागपूरहून फेरी ३० मिलिसेकंदांची धरली तर दोनशे फेऱ्यांचे सहा सेकंद झाले, आणि इंटरनेटचा प्लॅन दुप्पट केला तरी ते सहाच राहतात. उपाय दोन: सर्व्हरशेजारी रिमोट डेस्कटॉपचे मशीन ठेवा, किंवा ब्राउझरवर चालणारे सॉफ्टवेअर घ्या. क्लाउडवर जायचे असेल तर मुंबई-पुण्यातलेच डेटा सेंटर निवडा. मायक्रोसॉफ्टचे पुण्यात २०१५ पासून आहे, ॲमेझॉनचे मुंबईत २०१६ पासून. अमेरिकेतल्या सर्व्हरची फेरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास जाते.

डेटाबेसची पोर्टे (नेटवर्कवरून आत यायची दारे), एसक्यूएल सर्व्हरचे १४३३ किंवा पोस्टग्रेसचे ५४३२, इंटरनेटवर उघडी ठेवू नका. बाहेरून येणारे व्हीपीएनमधूनच येतील. रिव्ह्यूअर, प्रोसेसिंग आणि बॅकअप यांना वेगवेगळे व्हीलॅन (नेटवर्कचे अलग केलेले भाग) द्या.

६. मूळ प्रत आणि बॅकअप

पक्षकाराची हार्ड डिस्क आली की आधी हॅश (डेटाचा डिजिटल ठसा) काढा, मूळ डिस्क कुलपात ठेवा आणि प्रतीवर काम करा. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य द्यावे लागते. तेव्हा एसएचए-२५६ पद्धतीच्या हॅशची नोंद पहिल्याच दिवशी करा.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. डेटाबेसच्या लॉगचा बॅकअप दर १५ मिनिटांनी, पूर्ण बॅकअप रोज रात्री, आणि एक प्रत इमारतीबाहेर. फायली पक्षकाराकडून पुन्हा मागवता येतात. २५ वकिलांनी केलेल्या खुणा पुन्हा करून घ्याव्या लागतात, त्याही त्यांच्या तासाच्या दराने.

विजेसाठी ऑनलाइन यूपीएस घ्या, आणि बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर आपोआप नीट बंद होईल अशी जोडणी करा. एसी दोन असू द्या, आलटून पालटून चालणारे.

७. खरा डेटा चढवण्याआधी

आयपर्फने नेटवर्क आणि डिस्कस्पीड किंवा एफआयओने डिस्क मोजा. मग लाखभर दस्तऐवज चढवा, पाच-सहा जणांना रिव्ह्यूला बसवा आणि त्याच वेळी मुद्दाम इंडेक्स बांधायला घ्या. पुढचा दस्तऐवज दोन सेकंदांत उघडत नसेल तर अडथळा डिस्क, मेमरी की नेटवर्क, हे तेव्हाच शोधा. शेवटी बॅकअपमधून सगळे दुसऱ्या मशीनवर उभे करून पाहा आणि किती तास लागले ते लिहून ठेवा. सर्व्हर पुरवणाऱ्याच्या बिलाचा शेवटचा हप्ता या चाचण्या झाल्यावरच द्यायचा, हे ऑर्डरमध्येच लिहा.